टांझानियात सोलरच्या कामाला जाताय? एवढं वाचून जा

सिंगिडा भागातल्या एका दवाखान्याच्या पत्र्यावर चार पॅनेल बसवायची, हे टांझानियातलं माझं पहिलं काम. दोन दिवसांत उरकलं, फोटो काढून सुपरवायझरला पाठवले. अर्ध्या तासात फोन आला.

"पॅनेलची तोंडं कुठं केलीस?"

"दक्षिणेला. दुसरीकडं कुठं करणार?"

"अरे बाबा, विषुववृत्त ओलांडून आलायस तू."

जत-आटपाडीकडं शेतकऱ्यांच्या सोलर पंपांची पॅनेल दक्षिणेला लावून लावून हाताला तीच सवय. कोनही आपल्याकडचाच ठेवलेला, 20 अंश. सिंगिडा विषुववृत्ताच्या खाली जेमतेम 5 अंशांवर. तिथं जूनच्या भर दुपारी सूर्य डोक्यावरून 28 अंश उत्तरेला कललेला असतो. म्हणजे माझ्या पॅनेलवर ऊन 48 अंश तिरकं पडणार आणि एक तृतीयांश ताकद फुकट जाणार. सगळं स्ट्रक्चर सोडलं, पत्र्यातली आठ भोकं सिलिकॉननं बुजवली, नवी आठ पाडली. पुढच्या पावसात बुजवलेल्यांपैकी दोन गळाली, तीही नेमकी नर्सबाईंच्या टेबलावर.

त्यानंतर चार वर्षं तिकडं काढली. आयटीआय झालेली, पंपांवर हात बसलेली आपल्याकडची पोरं आता पूर्व आफ्रिकेत जाऊ लागलीत आणि तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून हे एकदाच लिहून ठेवतोय. काम तिकडं भरपूर आहे. सहाराच्या दक्षिणेला साधारण 60 कोटी लोकांकडं अजून वीज नाही. त्यातल्या 30 कोटी लोकांपर्यंत 2030 च्या आत वीज न्यायची, या मोहिमेची मोठी परिषद जानेवारी 2025 मध्ये दार-ए-सलामलाच झाली. टांझानियानं रुफिजी नदीवर 2115 मेगावॅटचं धरण उभं केलंय, वीज आहे. पण शेवटच्या खांबापासून वस्तीपर्यंतचं अंतर एवढं असतं की तिथं तार ओढण्यापेक्षा पत्र्यावर पॅनेल परवडतं.

## 1. निघण्याआधी: कागदपत्रं

- पासपोर्ट. मुदत किमान सहा महिने बाकी हवी.
- वर्क परमिट आणि रेसिडेन्स परमिट. ही दोन वेगळी कागदं आहेत. नोकरीवर येणाऱ्याला 'क्लास बी' रेसिडेन्स परमिट लागतं. 'ए' धंदा-गुंतवणूक करणाऱ्यांचं, 'सी' विद्यार्थी, स्वयंसेवक वगैरेंचं.
- पिवळ्या तापाच्या लशीचं पिवळं कार्ड. सरकारनं ठरवून दिलेल्या केंद्रातच ही लस मिळते. ती 10 दिवसांनी लागू धरतात आणि कार्ड आता जन्मभर चालतं. नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे येणं-जाणं असेल तर हे कार्ड नाही म्हणून परतताना मुंबईच्या विमानतळावर अडकू शकता. तिकिटाच्या आदल्या आठवड्यात धावपळ करू नका.
- आयटीआयचं सर्टिफिकेट, अनुभवाची पत्रं. मूळ प्रती आणि मोबाइलमध्ये स्कॅन, दोन्ही.

इथला सर्वांत मोठा सापळा: "व्हिजिटर व्हिसावर या, परमिट नंतर करू" असं सांगणारा एजंट. नंतर काही होत नाही. तपासणीत सापडलात तर दंड आणि परतीचं तिकीट तुमच्या नावावर, एजंटचा फोन बंद.

आणखी एक. इलेक्ट्रिकल इन्स्टॉलेशन करायला तिथं एव्हुरा या नियामक संस्थेचं लायसन लागतं. तुम्ही कितीही निष्णात असा, काम लायसन असलेल्या कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली करा आणि कागदावर सही त्याचीच घ्या.

कपडे-हत्यारं प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगांत गुंडाळून नेऊ नका. टांझानियात 1 जून 2019 पासून कॅरीबॅगवर बंदी आहे. मी आईनं दिलेला चिवडा-लाडवांचा ऐवज अशाच तीन पिशव्यांत नेला होता. विमानतळावर लाडू सुटले, पिशव्या गेल्या.

## 2. हत्यारांची पेटी

पक्कड, टेस्टर, पाने कोणीही नेईल. जे आपण विसरतो ते असं:

- डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर. आपल्याकडं वायरमनच्या खिशात असतो तो बहुतेक वेळा फक्त एसीचा. तो पॅनेलच्या वायरीला लावलात तर शून्य दाखवतो आणि तुम्ही चांगलं पॅनेल मेलं म्हणून काढून टाकता.
- पॅनेलच्या वायरी जोडायच्या एमसी-4 कनेक्टरचं क्रिम्पिंग टूल आणि वीस-तीस कनेक्टर, सगळे एकाच कंपनीचे. एका कंपनीचा नर आणि दुसरीची मादी बसते खरी, पण सैल बसते, तापते आणि वर्षभरात वितळते.
- बॅटरीच्या ॲसिडचा हायड्रोमीटर, रबरी हातमोजे, चष्मा.
- लग (वायरीच्या टोकाला दाबायचे), ग्लँड (डब्याच्या भोकात वायर घट्ट बसवणारे), डीसी फ्यूज. खेड्यात यातलं काहीही मिळत नाही. जवळचं गाव म्हणजे लाल मातीच्या रस्त्यानं तीन तास.
- डोक्याला लावायची बॅटरी. तुम्ही जाताय तिथं लाईट नाही, म्हणूनच तर जाताय.

हत्यारं चेक-इनच्या बॅगेत. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये अजिबात नाही.

## 3. घड्याळ आणि भाषा

हे वरवरचं वाटेल, पण माझा एक पूर्ण दिवस यात गेलाय. स्वाहिलीत दिवसाचे तास सकाळी सहापासून मोजतात. सात वाजले की 'सा मोजा', पहिला तास झाला. आठ म्हणजे 'सा म्बिली', दुसरा. बॅटऱ्यांचा ट्रक 'सा न्ने'ला येणार असं कळलं. न्ने म्हणजे चार एवढी भाषा मला आली होती, त्या ऐटीत मी दुपारी चारला चौकात हजर. ट्रक सकाळी दहाला येऊन, तासभर थांबून परत गेला होता. आता मी वेळ ठरवताना 'असुबुही' की 'जिओनी', सकाळ की संध्याकाळ, हे विचारतोच आणि फोनवर आकडा दाखवून घेतो.

भाषा अवघड नाही. दुका, पेसा, चाय, साबुनी, रांगी, गारी, हेसाबू हे शब्द ऐकताना आपण परमुलखात आहोत असं वाटतच नाही. कामाचे शब्द: उमेमे म्हणजे वीज, ताआ म्हणजे दिवा, जुआ म्हणजे ऊन, हातारी म्हणजे धोका. तुम्ही स्वतः 'फुंडी', म्हणजे मिस्त्री, कारागीर. वडीलधाऱ्यांना भेटलात की 'शिकामो' म्हणायचं, ते 'मराहाबा' म्हणतात. हे न म्हणता थेट कामाचं बोलायला लागलात तर कोणी रागावत नाही, पण दुपारी शिडी धरायला माणूस मिळत नाही.

## 4. आधी माणसं, मग पत्रा

पहिल्या दिवशी पेटी उघडूच नका. गावाचा म्वेन्येकिती, म्हणजे अध्यक्ष, दवाखान्याची नर्स, शाळेचा हेडमास्तर, यांना भेटा आणि एकच गोष्ट विचारा: रात्री काय काय चालवायचं आहे? ऑफिसनं दिलेल्या कागदावर "6 दिवे" असतात. नर्स सांगते, बाळंतपणं रात्रीच येतात, लेबर रूमचा दिवा पहाटेपर्यंत लागतो. तिथं सगळा हिशेब बदलतो.

एका झाहानातीचा, म्हणजे छोट्या सरकारी दवाखान्याचा, हिशेब देतो:

- लेबर रूमचे 2 बल्ब, 10 वॅटचे, 10 तास: 200 वॅट-अवर
- बाकी खोल्या आणि व्हरांडा, 7 वॅटचे 5 बल्ब, 5 तास: 175
- लॅपटॉप 45 वॅट, 3 तास: 135
- सहा मोबाइल, प्रत्येकी 15: 90

एकूण 600 वॅट-अवर, आपल्या भाषेत अर्ध्या युनिटाला थोडं वर. यावरून पॅनेलचा हिशेब असा: भरवशाचं ऊन दिवसाला साडेचार तास धरा आणि धूळ, उष्णता, वायर, बॅटरी यांत जाणारं वजा करून 65 टक्केच हाती येतं असं समजा. 600 भागिले 4.5 भागिले 0.65, म्हणजे 205 वॅट. मी 300 लावतो. कारण सहा महिन्यांत तिथं टीव्ही येणार. सिंबा-यांगाची, म्हणजे तिथल्या दोन मोठ्या फुटबॉल क्लबांची, मॅच असली की सगळं गाव दवाखान्याच्या व्हरांड्यात असतं, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं.

बॅटरी दोन दिवसांच्या ढगाळ हवेसाठी धरा, म्हणजे 1200. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणून 12 व्होल्टला 200 एएच (अँपिअर-अवर). लिथियम फॉस्फेट 80 टक्के वापरता येते, तिथं 120 एएचला भागतं.

हा कागद नर्सला आणि अध्यक्षाला समजावून सांगा आणि त्यांची सही घ्या. इस्त्री आणि हॉट प्लेट यात बसत नाही, हे त्यांच्या तोंडून वदवून घ्या.

## 5. माल घेताना

दार-ए-सलामच्या कारिआको बाजारात काय वाट्टेल ते मिळतं, खरंही आणि खोटंही. लेबलवर विश्वास ठेवू नका, टेप काढा. चांगलं पॅनेल आज एका चौरस मीटरला 200 ते 220 वॅट देतं, चांगल्यातलं चांगलंही 250 च्या आत. एक मीटर बाय एक मीटरच्या पॅनेलवर "300 वॅट" लिहिलं असेल तर दुकानदाराचा चहा प्या आणि पुढं चला. शंका असेल तर भर उन्हात शॉर्ट सर्किट करंट मोजा आणि लेबलशी ताडा. दुकानदार मोजू देत नसेल तर तेच उत्तर समजा.

बॅटरीत एन-70, एन-100 असे आकडे घालून गाडीच्या बॅटऱ्या सोलरच्या म्हणून गळ्यात मारतात. गाडीची बॅटरी क्षणभर मोठा करंट द्यायला बनवलेली असते. रोज रात्री उतरवली तर वर्ष काढणं कठीण.

कंट्रोलरचे, म्हणजे पॅनेलवरून बॅटरी चार्ज करणाऱ्या डब्याचे, दोन सापळे नीट बघून ठेवा. पहिला: 60 सेलचं, 300 वॅटचं पॅनेल आणि स्वस्तातला पीडब्ल्यूएम कंट्रोलर, बॅटरी 12 व्होल्टची. हे पॅनेल साधारण 32 व्होल्टला साडेनऊ अँपिअर देतं. पीडब्ल्यूएम त्यातले अँपिअर तेवढे घेतो आणि व्होल्टेज बॅटरीच्या पातळीवर, 13 च्या आसपास, खाली ओढतो. हातात पडतात 120 वॅट. तिथं जास्तीचं व्होल्टेज अँपिअरमध्ये बदलून देणारा एमपीपीटी कंट्रोलरच हवा. दुसरा सापळा याच्या उलट: 75 व्होल्टच्या मर्यादेचा एमपीपीटी आणि अशी दोन पॅनेल सिरीजमध्ये. प्रत्येकाचं ओपन सर्किट, म्हणजे काही न जोडता मोजलेलं, व्होल्टेज 38, बेरीज 76. एक व्होल्टनं काय होतंय, असं म्हणणाऱ्याचा कंट्रोलर मी उघडून पाहिलाय. गार सकाळी पॅनेलचं व्होल्टेज आणखी चढतं, हेही त्याला माहीत नव्हतं.

## 6. पॅनेल चढवताना

उत्तर दिशा, कोन 10 ते 15 अंश. कोन याहून कमी केलात तर पावसानं धूळ धुऊन जात नाही. खरं सांगायचं तर 5 अंशांच्या अक्षांशावर दिशेपेक्षा कोन कमी ठेवणं जास्त महत्त्वाचं. पत्र्याचा उतार पूर्व-पश्चिम असेल आणि फार तीव्र नसेल तर त्याच उतारावर सरळ बसवा, त्यासाठी आटापिटा नको. खाली म्बेया-सोंगेआकडं जाल तशी उत्तर जास्त काटेकोर धरा.

दिशा मोबाइलच्या होकायंत्रानं पत्र्यावर बसून पाहू नका, लोखंडाजवळ काटा भरकटतो. अंगणात काठी उभी रोवा, सावलीच्या टोकावर खडा ठेवा. अर्ध्या तासानं नव्या टोकावर दुसरा खडा. पहिला खडा पश्चिम, दुसरा पूर्व. पहिला डाव्या हाताला आणि दुसरा उजव्या हाताला घेऊन उभे राहा, तोंड उत्तरेला आहे. गावातली पोरं गोळा होतात, त्यांच्याकडूनच करून घ्या. आणि खरी दुपार बाराला होत नाही. सिंगिडात सूर्य माथ्यावर येतो तो साधारण पाऊण वाजता.

पत्र्याला भोक पन्हळीच्या उंचवट्यावर पाडा, खोलगट भागात कधीच नाही. माझी गळकी दोन भोकं खोलगटातलीच होती. स्क्रू लाकडी वाशात गेला पाहिजे, नुसत्या पत्र्यात धरलेलं पॅनेल सिंगिडाच्या वाऱ्याला टिकत नाही. पॅनेल आणि पत्रा यांच्यामध्ये चार बोटांहून जास्त मोकळी जागा ठेवा. सेल 25 अंशांवरून 60 वर तापला की साधारण 14 टक्के उत्पादन कमी होतं.

## 7. बॅटरी, वायर, जोडणी

जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल, मग बॅटरी. कंट्रोलर बॅटरीवरून 12 व्होल्ट की 24 ते ओळखतो. उलट क्रमानं केलंत तर कधी कधी वाचतो, कधी वाचत नाही.

वायरीत कंजुषी नको. 12 व्होल्टवर 10 अँपिअर 10 मीटर लांब न्यायचे असतील तर अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत 1.4 व्होल्ट पडतात. बॅटरी 12.2 वर असताना दिव्यापाशी पावणेअकरा पोचतात आणि लोक म्हणतात, बॅटरी खराब आहे. तेच 6 चौरस मिलिमीटरला 0.6 व्होल्ट.

डीसीला डीसीचेच ब्रेकर लावा. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळं ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी धरून बसते आणि साधा एमसीबी आतून वितळतो. डीसी ब्रेकरवर अधिक-उणे खुणा असतील तर त्या पाळा.

इन्व्हर्टरपुढचं वायरिंग करताना रंगांची गल्लत फार होते. आपल्याकडं निळी म्हणजे तिसरा फेज, काळी न्यूट्रल. तिथं नव्या वायरिंगमध्ये तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. जुन्या इमारतीत परत लाल-काळी निघते. मीटर लावल्याशिवाय रंगावर जाऊ नका. प्लग तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश पद्धतीचा, आणि त्या प्लगच्या आतच फ्यूज असतो. "टीव्ही बंद पडला" अशा तक्रारीत आधी प्लग उघडा.

बॅटरी जमिनीवर किंवा साध्या लाकडी खोक्यात ठेवू नका, वाळवी खोकं खाते. हवा खेळती हवी, चार्ज होताना लेड-ॲसिडमधून हायड्रोजन निघतो. आणि वायरी जिथून आत शिरतात ती प्रत्येक फट ग्लँडनं बंद करा. जॉइंटच्या डब्यात गांधीलमाश्या घर करतात, इन्व्हर्टरमध्ये पाली शिरतात. एका इन्व्हर्टरच्या कार्डावर दोन टर्मिनलांना चिकटून वाळलेली पाल निघाली. बिचारीनं 2 किलोवॅटचा इन्व्हर्टर बरोबर नेला.

## 8. अर्थिंग आणि वीज

पावसाळ्यात विजा कडाडतात. डीसी बाजूला सर्ज अरेस्टर, म्हणजे विजेचा झटका जमिनीत उतरवणारा, लावा, आणि पॅनेलपासून येणारी अधिक आणि उणे वायर कायम जोडीनं आणा. दोघी वेगवेगळ्या वाटेनं आणल्या तर मध्ये मोठं वेटोळं तयार होतं आणि लांब पडलेली वीजही त्यात व्होल्टेज उठवते.

कोरड्या मुरमाड जमिनीत एक रॉड पुरत नाही. दोन रॉड, मध्ये किमान एका रॉडच्या लांबीएवढं अंतर, आणि जागा पागोळीच्या खाली, म्हणजे पावसाचं पाणी तिथंच पडेल. मीठ-कोळशाची आपली पद्धत चालते, पण मीठ वाहून जातं आणि रॉडही खातं.

## 9. लसींचा फ्रिज

बऱ्याच दवाखान्यांत लसींसाठी बिनबॅटरीचा सोलर फ्रिज असतो. उन्हात बर्फ करून ठेवतो आणि रात्रभर त्यावर 2 ते 8 अंश सांभाळतो. त्याची पॅनेल वेगळी असतात आणि दुपारी ती रिकामी बसल्यासारखी वाटतात. त्यावरून एखादा दिवासुद्धा घ्यायचा नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. आत गावातल्या पोरांच्या लशी आहेत.

## 10. दुरुस्ती

नव्या कामापेक्षा दुरुस्तीचं काम जास्त मिळेल. माझा क्रम ठरलेला आहे: आधी विचारा, मग नुसतं बघा, मग मोजा, शेवटी पाना.

विचारायचं ते असं: कधीपासून बंद, त्याआधी काय नवीन जोडलं, कोणी उघडलं होतं का. शेवटच्या प्रश्नाला उत्तर नेहमी "हापाना", नाही. मग फ्यूजच्या जागी खिळा निघतो.

मोजताना बॅटरी निदान दोन तास चार्जिंग आणि लोड दोन्हींपासून मोकळी ठेवा. 12.7 म्हणजे भरलेली, 12.2 निम्मी, 11.8 च्या खाली रिकामी. पाण्याची बॅटरी असेल तर प्रत्येक सेल हायड्रोमीटरनं बघा: 1.265 च्या जवळ भरलेला, 1.190 ला निम्मा. पाच सेल सारखे आणि एक पडलेला असेल तर ती बॅटरी गेली. पाणी भरायला दुकानातून आणलेली बाटली उघडण्याआधी वाचा. 'माजी' म्हणजे पाणी, 'टिंडिकाली' म्हणजे ॲसिड. पाणी कमी झालेल्या बॅटरीत ॲसिड ओतून मारलेल्या बॅटऱ्या मी ढिगानं पाहिल्यात.

आता एक शाळा सांगतो. दोन 12 व्होल्टच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये, 24 व्होल्टची सिस्टीम. तक्रार: रात्री आठला इन्व्हर्टर शिट्टी मारून बंद. कंट्रोलरवर 25.2 दिसतं, म्हणजे सगळं छान. मी तासभर इन्व्हर्टरमध्येच डोकं घालून बसलो. मग सहज म्हणून एकेक बॅटरी वेगळी मोजली. एक 13.1, दुसरी 12.1. बेरीज बरोबर, बॅटऱ्या दोन्ही बेजार. दुसऱ्या बॅटरीच्या टर्मिनलखाली स्पीकरची बारीक पांढरी वायर दाबलेली होती. ती खिडकीतून बाहेर, आंब्याच्या झाडावरून, मास्तरांच्या खोलीत. तिथं 12 व्होल्टचा छोटा टीव्ही. आपल्याकडचा आकडाच म्हणा, फक्त बॅटरीवर टाकलेला. एकटी ती बॅटरी रोज रात्री उतरत होती, आणि दिवसा तिला भरायच्या नादात पहिली उकळत होती. पहिलीचं पाणी प्लेटांच्या खाली गेलेलं.

वायर कापून आलो असतो तर मास्तरांनी दुसऱ्या दिवशी परत जोडली असती. दुर्गम गावात राहणाऱ्या माणसाला बातम्या बघायच्यात, त्यात चूक काय? 24 चं 12 करणारा एक छोटा कन्व्हर्टर बसवला, त्यावर फ्यूज, आणि टीव्हीची वायर रीतसर ओढून दिली. पाणी भरून, एकेक बॅटरी वेगळी पूर्ण चार्ज करून मग परत जोडी लावली.

घरोघरी असतात ते हप्त्यावरचे छोटे किट वेगळे. मोबाइलवरून पैसे भरले की कोड येतो, तो दाबला की दिवे लागतात. बंद पडलेला किट घेऊन कोणी आला तर आधी हप्ता भरलाय का ते विचारा. "तेवढं लॉक काढून द्या" म्हणतात, गोड बोलून म्हणतात. हात लावू नका.

ताप आला तर अंगावर काढू नका, त्याच दिवशी मलेरियाची टेस्ट करून घ्या. ज्या झाहानातीचे दिवे तुम्ही लावले तिथंच होते.

## 11. गाव सोडताना

गावातला एक माणूस पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या आणि शेवटच्या दिवशी सगळं त्याच्याकडून सोडवून परत जोडून घ्या. माझा अनुभव, बाई मिळाली तर उत्तम. पुरुष शिकले की शहराकडं जातात. राजस्थानातल्या तिलोनियाला बेअरफूट कॉलेजात आफ्रिकेतल्या कितीतरी आज्या सहा महिने राहून, अक्षरओळख नसताना, रंग आणि खुणांवरून सोलर शिकून गेल्यात. तेव्हा "यांना जमेल का" हा प्रश्न मनातही आणू नका.

मोबाइल चार्जिंगचे थोडे पैसे घ्यायला लावा आणि ते एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरच्या पैशांच्या खात्यात, वेगळे साठवायला सांगा. बॅटरी कधीतरी बदलावी लागणारच, तेव्हा देणगीदार सापडेलच असं नाही. जुनी बॅटरी भंगारात चांगल्या भावानं जाते, ॲसिड मात्र ओढ्यात ओतू देऊ नका.

भिंतीवर ऑइलपेंटनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: "ताआ न्येकुंडू इकिवाका, झिमा टीव्ही." लाल दिवा लागला की टीव्ही बंद. चार सुटे फ्यूज बॉक्सच्या झाकणाला आतून टेपनं चिकटवा. आणि बॉक्सच्या किल्ल्या दोन करा. एक नर्सकडं, एक म्वेन्येकितीकडं. मास्तरांकडं देऊ नका, डिसेंबरच्या सुटीत ते गावाला जातात आणि किल्ली त्यांच्या खिशात जाते.